मिटमिट्यात आधी यादी, मग प्राणी

मा. आयुक्त, छत्रपती संभाजीनगर महानगरपालिका यांना परभणीहून खुले पत्र

महोदय,

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत मिळून मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालय एकच आहे, सिद्धार्थ उद्यानातले, आणि ते आपली महापालिका चालवते. परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड इथल्या शाळांच्या सहली वेरूळ-अजिंठ्याला निघाल्या की पुष्कळदा सिद्धार्थ उद्यानाचा थांबा त्यात असतो. या भागातल्या मुलांनी जिवंत वाघ पाहिला असेल तर बहुधा तिथेच. म्हणून मिटमिट्याच्या सुमारे शंभर एकरांवर जे नवे प्राणिसंग्रहालय आणि सफारी पार्क आपण उभारायला घेतले आहे, त्यात कोणते प्राणी येणार, कुठून येणार आणि त्यांच्या बदल्यात काय जाणार, हे प्रश्न एका शहराच्या हद्दीत संपत नाहीत. त्याचा प्रेक्षक आणि विद्यार्थी सगळा मराठवाडा आहे. त्या नात्याने एक मागणी करतो. नव्या जागेतला पहिला पिंजरा भरण्याआधी तिथे कोणत्या जाती ठेवायच्या, किती ठेवायच्या आणि कशासाठी ठेवायच्या, याचा लेखी आराखडा मराठीत प्रसिद्ध करा. आणि त्या आराखड्यात वाघाची पैदास इतर प्राणी मिळवण्याचे साधन म्हणून होणार नाही, असे स्पष्ट लिहा.

ही अदलाबदल चालते कशी, ते आधी पाहायला हवे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 1991 मध्ये दुरुस्ती झाली आणि पुढच्या वर्षी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण अस्तित्वात आले. त्याच्या मान्यतेशिवाय देशात प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही आणि त्याच्या पूर्वपरवानगीशिवाय एका संग्रहालयातला वन्यप्राणी दुसऱ्यात हलवता येत नाही. सरकारी आणि महापालिकांची संग्रहालये आपसांत सहसा पैशाचा व्यवहार करत नाहीत. एक प्राणी देतात, दुसरा घेतात. यामागचा हेतू चांगला आहे: प्राण्यांचा बाजार भरू नये, आणि पिंजऱ्यातल्या छोट्या कळपांना बाहेरचे रक्त मिळावे. नियम तर असेही सांगतात की एकटा प्राणी जोडीदाराविना वर्षभराहून जास्त ठेवू नये. जोडीदार मिळत नसेल तर त्याला दुसरीकडे हलवावे. पण देवाणघेवाण प्राण्यांतच करायची म्हटली की ज्याच्या पदरी मागणी असलेला प्राणी, त्याची बाजू वरचढ होते. वाघ पिंजऱ्यात सहज वितो आणि त्याला मागणी कायम असते. मग सिंह हवा असेल, अस्वल हवे असेल, तर पुढे करायला वाघ हवा. आणि वाघ हवा तर पैदास चालू हवी. हे कुण्या एका अधिकाऱ्याने ठरवलेले नसते. आराखडा नसला की व्यवहार आपोआप त्या दिशेने वाहत जातो.

सिद्धार्थ उद्यानाचा अलीकडचा इतिहास या चौकटीत वाचावा. 2018 च्या अखेरीस केंद्रीय प्राधिकरणाने अपुऱ्या जागेचे आणि अपुऱ्या सुविधांचे कारण देऊन या संग्रहालयाची मान्यता रद्द केली होती. अपील करून महापालिकेला दिलासा मिळाला, मिटमिट्याच्या जागेचा आधार त्यात महत्त्वाचा होता. पण जागा अपुरी हा निष्कर्ष कुणी खोडून काढलेला नाही. त्याच जागेत 2016 पासूनच्या चार-पाच वर्षांत समृद्धी या एकाच वाघिणीने तीनदा पिल्ले दिली, डिसेंबर 2020 च्या वेताला तर पाच. प्रत्येक वेळी शहरात आनंद झाला, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, बारसे झाले. फेब्रुवारी 2020 मध्ये शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात गेली. बदल्यात आपल्याला चितळ आणि चित्रबलाक मिळायचे ठरले. भायखळ्याला कित्येक वर्षांनी वाघ मिळाला आणि नोव्हेंबर 2021 मध्ये या जोडीला वीरा ही मादी झाली. दोन्ही शहरांना हा सौदा फायद्याचा वाटला असेल. पण एक साधा हिशेब मांडून पाहा. पूर्ण वाढलेल्या वाघाला दिवसाला सुमारे दहा किलो मांस लागते आणि आठवड्यातला एक दिवस त्याला उपाशी ठेवतात. म्हणजे वर्षाकाठी तीन टन. पिंजऱ्यातला वाघ पंधरा वर्षे सहज जगतो, काही त्याहून जास्त. बारशाच्या दिवशी जे पिल्लू सगळ्यांच्या कौतुकाचा विषय असते, त्याच्या मागे चाळीसेक टन मांसाची, एका रात्रनिवासाची, एका फिरायच्या आवाराची आणि एका प्रशिक्षित काळजीवाहकाची बांधिलकी जन्माला येते. ती कोण, कुठे, किती वर्षे निभावणार, हे पैदास होऊ देण्याआधी कागदावर असायला हवे.

दुसरा मुद्दा रक्ताचा. जगभरच्या जबाबदार प्राणिसंग्रहालयांनी एक कसोटी मान्य केली आहे: मूळ जंगली समूहातली आनुवंशिक विविधता शंभर वर्षांनंतरही किमान 90 टक्के टिकली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक प्राण्याची आई कोण, बाप कोण, आजा कुठून आला याची नोंदवही ठेवावी लागते आणि जोड्या त्या नोंदवहीवरून लावाव्या लागतात. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने प्राधिकरणासाठी अनेक जातींच्या अशा राष्ट्रीय वंशावळी तयार केल्या आहेत. म्हणजे साधन हाताशी आहे. पण एकाच जोडीची पिल्ले पुन्हापुन्हा वाढवून ती चार शहरांत वाटली, तर चारही शहरांत सख्खी भावंडे जमतात आणि पुढच्या अदलाबदलीला नवे रक्त म्हणून जे येते ते घरचेच असते. पांढऱ्या वाघाची गोष्ट तर याहून बिकट. रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी 1951 मध्ये पकडलेल्या मोहन या नरापासून आजच्या पांढऱ्या वाघांचा वंश चालत आला. राधा या त्याच्याच मुलीशी त्याचा संकर करून पांढरी पिल्ले मिळवली गेली. पांढरा रंग हा एका जनुकाचा योग आहे, ती वेगळी जात नव्हे. आणि तो रंग टिकवायला नात्यातच जोड्या लावाव्या लागतात, त्यातून तिरळेपणासारखे दोष पाठोपाठ येतात. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने 2011 मध्ये आपल्या सदस्यांना ही पैदास थांबवायला सांगितले. सिद्धार्थ उद्यानात आज असलेल्या पांढऱ्या वाघांना मिटमिट्यात उत्तम घर मिळावे, म्हातारपणी उत्तम उपचार मिळावेत. त्यांच्यापुढे मात्र ही रांग वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो वाघ वाचवण्याचा. वाघ संकटात आहे, मग पिंजऱ्यात का होईना, त्याची संख्या वाढली तर बिघडले काय? बिघडते ते असे. 2022 च्या गणनेत देशात जंगली वाघांची अंदाजित संख्या 3,682 निघाली, त्यांतले 444 महाराष्ट्रात. जंगलातला वाघ आज अधिवास मागतो, दोन जंगलांना जोडणारी वाट मागतो. पिंजऱ्यात वाढलेला, माणसाची सवय झालेला वाघ तिथे सोडता येत नाही. उलट जंगलाकडूनच प्राणिसंग्रहालयांकडे वाघ येऊ लागले आहेत. चंद्रपूर भागात माणसांशी संघर्षात आलेले वाघ पकडून नागपूरच्या गोरेवाड्यात ठेवावे लागतात. जुन्नरजवळच्या माणिकडोह केंद्रावर बिबट्यांचा भार वर्षानुवर्षे आहे. अशा प्राण्यांना जन्मभराचे घर लागते आणि त्याची जागा राज्यात कमी आहे. मिटमिट्यातली वाघ-बिबट्यांची आवारे आपल्याच पैदाशीने भरून टाकली, तर उद्या वन विभागाने हात पुढे केला तेव्हा आपल्याला नाही म्हणावे लागेल. वाघ ठेवावेत, मोजके ठेवावेत, आणि काही आवारे मुद्दाम रिकामी राखावीत. नव्याकोऱ्या आवारात प्राणी नाही हे उद्घाटनाच्या दिवशी डोळ्याला खुपेल, हे मान्य आहे.

मग शंभर एकरांत काय दाखवायचे? इथे मराठवाड्याकडे एक अशी संपत्ती आहे जिच्याकडे आजवर कुणी प्रदर्शनाच्या नजरेने पाहिले नाही: आपले माळरान. काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, कोल्हा, तरस, सायाळ, घोरपड, तितर, चंडोल, धाविक. पवन्या आणि मारवेलचे गवत, मधूनमधून हिवर, बाभूळ, बोर. नकाशावर याला पडीक म्हणतात आणि म्हणूनच ते सगळ्यांत आधी जाते. या माळावर पूर्वी माळढोक होता; आज त्याला वाचवण्यासाठी राजस्थानात सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत अंडी उबवून पिल्ले वाढवावी लागत आहेत. मिटमिट्याच्या जमिनीचा मोठा तुकडा सलग ठेवून तिथे काळविटांचा एक नीट जुळवलेला कळप राखला, तर काय दिसेल ते पाहा. वयात आलेला नर काळाभोर होतो, मान मागे टाकून, शिंगे पाठीवर टेकवून चालतो. डोळ्यांखालच्या ग्रंथीचा स्राव काडीला लावून तो आपली हद्द आखतो, ठरलेल्या जागी लेंड्या टाकून ती पक्की करतो, आणि दुसरा नर त्या रेषेवर आला की दोघे आधी समांतर चालत एकमेकांचा अंदाज घेतात. हे सगळे दिसायला लांबवर नजर पोचेल असे मैदान लागते आणि हरणाऱ्या नराला पळून जायला वाट लागते. छोट्या आवारात हाच नर शिंगांनी दुसऱ्याला कुंपणाशी दाबून मारतो. म्हणजे प्रदर्शनाची आखणी प्राण्याच्या वागण्यापासून सुरू झाली, तर प्रेक्षकाला पाहण्यासारखे काही तरी मिळते आणि प्राण्याला जगण्यासारखे. हँबर्गजवळ कार्ल हागेनबेक यांनी 1907 मध्ये गजांऐवजी खंदक खणून पहिले खुले प्राणिसंग्रहालय उघडले. त्याला शतक उलटून गेले, तरी आपल्याकडे आधी पिंजरा बांधायचा आणि मग त्यात कोण मावेल ते शोधायचे, असे अजून घडते.

परभणीच्या शेतकऱ्याला यावर हसू येईल, रागही येईल. हरभरा वर आला की हरणांचे कळप त्याच्या रानात उतरतात, रोही तुरीत शिरतात, आणि राखणीला रात्र काढूनही वाफे तुडवलेले सापडतात. जो प्राणी आमचे पीक खातो, तो तिकीट काढून का पाहायचा? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर प्रदर्शनातच दिले पाहिजे. काळविटाच्या आवारापुढे फक्त त्याचे शास्त्रीय नाव, वजन आणि आयुर्मान लिहिलेली पाटी पुरणार नाही. तिथे लिहा की हा प्राणी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. लिहा की पीक नुकसानीची भरपाई कुठे आणि किती दिवसांत मागायची असते. लिहा की गायरान नांगरले गेले, माळावर रस्ते आणि वसाहती आल्या, म्हणून कळप शेतात आला. लांडग्याच्या आवारापुढे मेंढपाळाचे नुकसानही लिहा. शहरातल्या मुलाला काळवीट चित्रातला माहीत असतो आणि गावातल्या मुलाला तो हुसकावून लावायचा प्राणी म्हणून माहीत असतो. दोघांनाही त्याचे जगणे माहीत नसते. शिवाय या जातींसाठी परदेशी निविदा काढाव्या लागत नाहीत. काळवीट, चिंकारा, लांडगा, तरस देशातल्या मान्यताप्राप्त संग्रहालयांत आहेत. आपल्याच भागात कठडा नसलेल्या विहिरीत पडलेले, रस्त्यावर गाडीची धडक बसलेले कोल्हे, खोकड, तरस उपचारासाठी येतात. त्यांतले जे पुन्हा सोडण्याजोगे राहत नाहीत, त्यांना हेच घर.

दुसरा आक्षेप गल्ल्याचा. सिंह नाही, झेब्रा नाही, जिराफ नाही, तर लोक येतील कशाला? भायखळ्याचे उदाहरण हमखास दिले जाते. जुलै 2016 मध्ये तिथे आठ हंबोल्ट पेंग्विन आणले, मार्च 2017 मध्ये कक्ष खुला झाला आणि गर्दी वाढली, उत्पन्न वाढले. ते खरे आहे आणि ते मी नाकारत नाही. पण आठांतला एक पेंग्विन प्रदर्शन सुरू होण्याआधीच, ऑक्टोबर 2016 मध्ये दगावला. आणि थंड हवेचा, थंड पाण्याचा तो कक्ष चोवीस तास चालवण्याचा कोट्यवधींचा खर्च देशातली सगळ्यांत श्रीमंत महापालिका उचलते. आपले शहर ते करू शकत नाही आणि करूही नये. मुख्य अडचण पैशाचीही नाही, पाण्याची आहे. ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येण्याची वर्षे लोकांनी काढली, ज्या प्रदेशात 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तिथे दुष्काळाच्या वर्षी पाणघोड्याचे तळे आणि हिरवळीचे गालिचे राखणे हे प्राण्यांवर आणि माणसांवर दोघांवरही अन्याय करणारे ठरेल. माळरानाचे गवत उन्हाळ्यात पिवळे पडते, ते तसेच दिसायला हवे. राहिली गर्दी. मिटमिटा दौलताबाद-वेरूळच्या रस्त्यावर आहे. लेण्यांना जाणारा देशभरचा आणि परदेशचा प्रवासी तिथून जातो. जिराफ त्याने इतरत्र पाहिलेला असतो. धावता लांडगा, मोकळ्या माळावरचा काळविटांचा कळप त्याला फार ठिकाणी पाहायला मिळत नाही.

आता हौशी प्राणिप्रेमींविषयी, ज्यांचे म्हणणे अशा नियोजनात एक तर गंभीरपणे घेतले जात नाही किंवा समाजमाध्यमांवरच्या मागण्यांच्या ओझ्याखाली जसेच्या तसे मान्य होते. प्रत्येक शहरात अशी मंडळी असतात. कोणता वाघ कोणत्या वर्षी कुठून आला, कुठली मादी वयात आली, कुठल्या संग्रहालयात कोणत्या जातीचे नर जास्त आहेत, हे त्यांना तोंडपाठ असते. अधिकारी तीन वर्षांत बदलतात, ही माणसे वीस वर्षे तिथेच येत राहतात. त्यांची ही स्मरणशक्ती महापालिकेने वापरावी, असे मला मनापासून वाटते: जुन्या बदल्यांच्या नोंदी ताडून पाहायला, प्राण्यांच्या वागणुकीतले बदल टिपायला, पाट्यांवरचा मजकूर तपासायला. त्यांच्या इच्छायादीबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. जाती मोजणाऱ्याला यादी लांब व्हावी असे वाटते. गेंडा यावा, पाणघोडा यावा, नवा काही तरी प्राणी यावा. हा ओढा प्रेमातूनच येतो. पण शंभर एकरांत पन्नास जाती कोंबल्या की प्रत्येकीच्या वाट्याला तुकडा येतो आणि सिद्धार्थ उद्यानाची अडचण नव्या पत्त्यावर उभी राहते. या मंडळींतलेच काहीजण आता याद्यांऐवजी जागेचा, कळपाच्या रचनेचा, रात्रनिवासाचा प्रश्न विचारू लागले आहेत. सल्ला घ्यायचा तर त्यांचा घ्या.

बदल्यांचा आणखी एक पैलू आहे आणि त्याबाबत परभणीला बोलण्याचा खास अधिकार आहे. प्राणी हलतो तेव्हा रोगही हलू शकतो. जानेवारी 2021 मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावात आठशेहून अधिक कोंबड्या दगावल्या आणि बर्ड फ्लूचे निदान झाले. परिसरातले पक्षी नष्ट करावे लागले, व्यवसाय बसला. तेव्हा तो कुक्कुटपालकांचा प्रश्न वाटला. डिसेंबर 2024 मध्ये गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, तेही बर्ड फ्लूनेच. मे 2021 मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात आठ सिंह कोरोनाबाधित निघाले. जुलै 2025 मध्ये पुण्याच्या कात्रजला लाळ्या-खुरकुताने पंधराच्यावर चितळ गेले. हा रोग आपल्या गोठ्यातला, गाईगुरांचा. मांसाच्या पुरवठ्यापासून काळजीवाहकाच्या बुटांपर्यंत कुठूनही शिरकाव होऊ शकतो, म्हणून नव्या प्राण्याला काही आठवडे संपूर्ण वेगळे ठेवायची जागा, वेगळी भांडी, वेगळा माणूस आणि रक्त-विष्ठेची तपासणी ही चैन नसून बांधकामाच्या पहिल्या टप्प्यात यायची गोष्ट आहे. परभणीत 1972 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे, आणि त्याच विद्यापीठाचे वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र गोरेवाड्यात काम करते. म्हणजे नमुना समोर आहे. रोगनिदान, शवविच्छेदन, लसीकरणाचे वेळापत्रक आणि बदलीपूर्व तपासणी यांसाठी आपली महापालिका आणि परभणीचे महाविद्यालय यांच्यात लेखी करार व्हावा. मराठवाड्याच्या विद्यार्थ्यांना वन्यप्राण्यांवरच्या उपचारांचे शिक्षण घ्यायला नागपूर गाठावे लागू नये, हा त्यातला आणखी एक लाभ.

प्राणिसंग्रहालये मुळात बंदच करावीत, असे म्हणणारेही सुजाण लोक आहेत आणि त्यांना टाळून पुढे जाणे बरोबर नाही. त्यांच्या म्हणण्यातला गाभा मला पटतो: केवळ करमणुकीसाठी प्राणी कोंडणे समर्थनीय नाही. पण सिद्धार्थ उद्यानातले प्राणी आज आहेत. पिंजऱ्यात जन्मलेल्यांना परतायला जंगल नाही, त्यांना मरेपर्यंत चांगले जगवणे हे आपले देणे आहे. आणि हेतू शुद्ध असेल तर बंदिस्त पैदाशीतूनही काम होते. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडे जानेवारी 2024 मध्ये ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली, ती पुढे जंगलात सोडण्यासाठीच. हत्तींबाबत प्राधिकरणाने 2009 मध्ये धोरण बदलले, प्राणिसंग्रहालयांत हत्ती नकोत असे ठरवले, आणि सिद्धार्थ उद्यानातल्या सरस्वती आणि लक्ष्मी या हत्तिणी पुढे विशाखापट्टणमला गेल्या. शहराला त्यांची चुटपुट लागली असेल, पण त्या बदलीचा निकष प्राण्याची गरज हा होता. प्रत्येक बदलीला हाच निकष लावा, एवढेच मागणे आहे.

आणि निकष लोकांसमोर ठेवा. जुलै 2025 मध्ये नांदणी मठाची माधुरी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला गेली, तेव्हा कोल्हापूर जिल्हा रस्त्यावर उतरला. तो प्रसंग प्राणिसंग्रहालयातल्या बदलीचा नव्हता आणि दोन्ही बाजूंना मुद्दे होते. पण प्राण्याच्या प्रकृतीचे अहवाल, पाहणीचे निष्कर्ष, पर्याय कोणते तपासले, हे सामान्य माणसाला मराठीत, वेळेवर आणि अधिकृत ठिकाणी वाचायला मिळाले नाही, की अफवा त्याची जागा घेतात. संग्रहालयांनी दरवर्षी प्राण्यांची मोजदाद प्राधिकरणाला कळवायची असते: किती होते, किती जन्मले, किती मेले, किती आले, किती गेले. तीच माहिती दरवर्षी एप्रिलमध्ये मिटमिट्याच्या प्रवेशद्वाराशी मराठी फलकावर लावा, मृत्यूंच्या कारणांसह. प्रत्येक प्रस्तावित बदलीची सूचना महिनाभर आधी, कारणासह द्या. परवानगीचा अधिकार दिल्लीचाच राहील. पण प्रस्ताव आपल्या सहीने जातो.

सगळ्यांत मोठी बदली तर आपल्या दारातच आहे. सिद्धार्थ उद्यानातून मिटमिट्याला सगळे प्राणी हलवायचे आहेत. अंतर काही किलोमीटरचे आहे, म्हणून ते काम सोपे वाटेल. तसे ते नाही. बिथरलेला चितळ पळापळीतच जीव सोडतो. वाघ नव्या खोक्यात पाऊल टाकायला दिवसचे दिवस घेतो. आधी वाहतुकीचा पिंजरा त्याच्या रात्रनिवासाच्या दाराला जोडून ठेवावा लागतो, दोन्हीकडची दारे उघडी ठेवून रोजचे मांस थोडे थोडे आत सरकवत न्यावे लागते, आणि तो आत जाऊन निवांत खायला लागला की मगच एखाद्या थंड पहाटे दार बंद करायचे असते. भूल द्यावी लागली तर धोका वाढतो, त्यातही म्हाताऱ्या प्राण्यांना जास्त. मराठवाड्याचा उन्हाळा मार्चमध्येच सुरू होतो. तेव्हा उद्घाटनाची तारीख कोणत्याही मान्यवरांच्या सोयीने ठरवू नका. स्थलांतर नोव्हेंबर ते जानेवारीतच करा, एकेक जातीचे करा, नव्या आवारात प्राणी रुळेपर्यंत, किमान काही आठवडे, तो भाग प्रेक्षकांना बंद ठेवा. ज्या काळजीवाहकाला प्राणी ओळखतो तोच माणूस त्याच्याबरोबर मिटमिट्याला जाईल अशी नेमणूक करा. कंत्राट बदलले म्हणून तो माणूस बदलू देऊ नका. आणि आराखडा तयार झाला की त्याची एक प्रत परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला, एक प्रत प्रत्येक जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवून हरकती-सूचनांसाठी साठ दिवस द्या. आमच्याकडून त्या वेळेत येतील.

आपला,
एक नागरिक, परभणी